जुना हुक्का हाती आला तर: आधी वाचा, मग पुसा

जुना हुक्का माळ्यावरून खाली आला की बहुतेकांचा हात चिंचेकडे, लिंबाकडे नाहीतर पितळ घासायच्या पावडरीकडे जातो. कृपा करून तिथंच थांबा. धातूच्या जुन्या वस्तूंचं जतन हे माझं काम आहे, आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या हुक्क्यांचं सर्वांत मोठं नुकसान वापरानं नाही, हौसेनं केलेल्या घासाघाशीनं झालेलं असतं. हुक्का कुठे घडला, कसा ओढला गेला, किती वेळा दुरुस्त झाला, हे त्याच्या अंगावरच असतं. घासणी ते एका दुपारी घालवते. म्हणून इथे आधी हुक्का वाचायचा कसा ते सांगते. स्वच्छता नंतर.

टेबलावर जाड सुती चादर पसरा आणि जे भाग सहज निघतील तेवढेच सुटे करा. अडकलेला सांधा पिळू नका. हवा निसटू नये म्हणून सांध्याभोवती सूत किंवा चिंधी गुंडाळलेली असते. ती वाळून चिकटलेली असेल तर जोर लावल्यावर चिंधी नाही, नळी तुटते.

आता भाग ओळखा. सर्वांत वर चिलीम. तिच्यात तंबाखू, आणि तंबाखूवर निखारे. दोहोंच्या मध्ये काही वेळा मातीची छोटी चकती असते, तिला तवा म्हणतात. चिलमीखाली नेचा, म्हणजे नळ्यांची जोडणी. त्याखाली पाण्याचं भांडं. धूर ओढायची नळी कधी सरळ आणि ताठ असते, कधी लांब आणि लवचिक. लवचिक असली तर ती सटक. ओठाला लावायचं टोक म्हणजे मुहनाल.

या सगळ्याचं काम समजलं की वाचन सोपं होतं. चिलमीखालची नळी भांड्यातल्या पाण्यात बुडालेली असते, आणि ओढायची नळी पाण्याच्या वर मोकळ्या जागेत उघडते. झुरका घेतला की त्या मोकळ्या जागेतला दाब कमी होतो. मग बाहेरची हवा निखाऱ्यांतून, तंबाखूतून खाली ओढली जाते आणि पाण्यातून बुडबुडे होऊन वर येते. गुडगुडीचा आवाज तो हाच. तुमच्या हाती आलेल्या भांड्यात टॉर्च मारून पाहा. आतल्या बाजूला एका ठरावीक उंचीवर फिकट पांढरट किंवा तपकिरी रेघ दिसली तर ती पाण्याची पातळी. वर्षानुवर्षं पाणी त्या उंचीपर्यंत भरलं जात होतं आणि त्यातला क्षार तिथं साठत गेला. अशी रेघ असलेलं भांडं वापरातलं. आतून अगदी कोरं असेल तर ते शोभेसाठी घडवलेलं असू शकतं, किंवा कोणीतरी आधीच आतून घासून ठेवलेलं. मला स्वतःला ही रेघ बाहेरच्या नक्षीपेक्षा जास्त बोलकी वाटते.

एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा: हुक्क्याचे सगळे भाग एका वयाचे क्वचितच असतात. मातीची चिलीम फुटते, सटक कुजते, लाकडी नळी किडते, आणि भांडं टिकतं. त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वीच्या भांड्यावर पन्नास वर्षांपूर्वीचा नेचा आणि त्यावर कालपरवाची चिलीम, असं सर्रास सापडतं. यात खोट काही नाही. वापरातली वस्तू अशीच जगते. पण वय ठरवताना प्रत्येक भागाचं वेगळं ठरवा, आणि भांड्यापासून सुरुवात करा.

भांडं कशाचं आहे? काळ्या अंगावर चांदीची वेलबुट्टी दिसली तर ते बिदरी असण्याची शक्यता मोठी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हुक्क्याच्या भांड्यांत बिदरीइतकं सुंदर काही नाही आणि बिदरीइतकं चुकीच्या हातांनी बिघडलेलंही काही नाही. बिदरचे कारागीर जस्तात थोडं तांबं मिसळतात; साधारण सोळास एक असं प्रमाण सांगितलं जातं. ओतून काढलेलं भांडं कानशीनं गुळगुळीत करतात. मग मोरचुदाच्या पाण्यानं ते तात्पुरतं काळं करतात, म्हणजे त्यावर ओढलेली रेघ उठून दिसते. छिन्नीनं नक्षी खोदतात, खोबणीत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात, आणि पुन्हा कानस चालवतात. शेवटी भांडं गरम करून त्यावर नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातली माती यांचा लेप देतात. जस्ताचा मिश्रधातू काळाकुट्ट होतो, चांदी मात्र शुभ्र राहते. वरून तेलाचा हात फिरला की काळा रंग आणखी खोल दिसतो.

म्हणजे बिदरीचा काळा रंग हा मळ नव्हे, ती कारागिरीची शेवटची पायरी आहे, आणि तो फक्त पृष्ठभागावरचा पातळ थर आहे. जस्त आम्लाला अजिबात टिकत नाही. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही लागलं की काळेपणा जातो, राखाडी डाग पडतात, आणि चांदी व धातू यांतला जो फरक पाहण्यासाठी कारागिरानं एवढा खटाटोप केला तोच नाहीसा होतो. राखाडी पडलेलं भांडं पुन्हा काळं करता येतं, पण मग ते आजचं काळं असतं.

बिदरी खरी की नक्कल हे पाहायला खरवडायची गरज नाही. हातात घ्या: जस्त जड असतं, त्यामुळे काळा रंग दिलेलं ॲल्युमिनियम लगेच कळतं. तळाच्या कडेला, जिथे भांडं घासलं जातं तिथे पाहा. बिदरी झिजून राखाडी दिसते, खाली पितळ असेल तर पिवळं डोकावतं. भिंग घेऊन चांदीच्या कडा पाहा. ठोकून बसवलेल्या तारेला स्वतःची कडा असते, तर रंगवलेली नक्षी पृष्ठभागावर नुसती पसरलेली दिसते. बारीक तारेच्या कामाला तारकशी म्हणतात, पत्र्याच्या मोठ्या तुकड्यांच्या जडावाला तहनिशान, आणि चांदी पृष्ठभागाच्या वर उठून आलेली असेल तर जरबुलंद. जरबुलंद आणि त्यात मासे दिसले तर नजर लखनौकडे वळवा. मासा हे अवधच्या नवाबांचं चिन्ह होतं. बिहारमधल्या पूर्णियातही बिदरीकाम होत असे. काळं-पांढरं दिसलं की थेट बिदर गाव लिहून मोकळं होऊ नये, ते यासाठी.

भांड्याचा आकार काळ सांगतो, पण सावधपणे ऐका. अगदी गोल, चेंडूसारखं, ज्याला आपल्या बुडावर उभं राहता येत नाही असं भांडं १७ व्या शतकात आणि १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात चालत होतं. ते वेगळ्या कड्यावर बसवत. अशा भांड्याच्या तळाशी वर्तुळाकार झीज शोधा. कडं हरवलेलं असलं तरी त्याची खूण राहते. पुढे १८ व्या शतकात घंटेच्या आकाराची, सपाट आणि रुंद बुडाची भांडी रूढ झाली. ती जाजमावर कलंडत नसत. मोगल आणि दख्खनी लघुचित्रांतही हा बदल दिसतो, आणि ही चित्रं म्हणजे तुमच्या हातातलं सर्वांत स्वस्त साधन आहे. हैदराबादचं सालारजंग संग्रहालय, लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन यांच्याकडे बिदरी हुक्के आहेत. त्यांची छायाचित्रं शेजारी ठेवून मानेची उंची, खांद्याचा उतार, फुलांची मांडणी जुळवून पाहा. जुन्या आकाराची भांडी आजही घडवली जातात, म्हणून आकार जुळला तरी झीज आणि पाण्याची रेघ यांची साक्ष काढायचीच.

विकणारे सर्रास एक दावा करतात: ‘अकबरकालीन हुक्का’. तो तपासायला थोडा इतिहास हाताशी असू द्या. तंबाखू मूळची अमेरिकेतली. पोर्तुगिजांच्या व्यापारातून ती पश्चिम किनाऱ्यावर आणि दख्खनमध्ये आली. अकबराचा दूत असद बेग विजापूरला इब्राहिम आदिलशहाकडे गेला होता. तिथे त्यानं तंबाखू प्रथमच पाहिली आणि १६०४-०५ च्या सुमारास आग्र्याला आणली. सोबत रत्नं आणि मीनाकाम केलेली लांब नळी, येमेनी अकीकाचं टोक. अकबरानं एकदोन झुरके घेतले, हकीम अलीनं हरकत घेतली, आणि बादशहानं पुढे ती ओढली नाही. दरबारी सरदारांनी मात्र ती उचलली. असद बेगच्या त्या वर्णनात पाण्याचं भांडं नाही, आणि १६०५ च्या ऑक्टोबरात अकबर वारला. म्हणजे अकबरकालीन हुक्क्यासाठी उरतात ते जेमतेम काही महिने.

अकबराच्याच दरबारातल्या हकीम अबुल फतह गिलानी यानं धूर पाण्यातून नेऊन हुक्का शोधला, ही कथा तुम्ही ठिकठिकाणी वाचाल. अबुल फतह १५८९ मध्ये वारला. तंबाखू दरबारात अपूर्व वस्तू म्हणून पोचली ती त्यानंतर पंधरा वर्षांनी. दोन तारखा शेजारी ठेवल्या की कथा डळमळते, आणि माझ्या मते ती कथा म्हणूनच सांगावी. त्यानंतरचा वेग मात्र थक्क करणारा आहे. १६१७ मध्ये जहांगीरला तंबाखूवर बंदी घालावी लागली. आपल्या आठवणींत त्यानं लिहिलंय की इराणच्या शाह अब्बासनंही अशीच बंदी घातली होती, पण जहांगीरचा तिथला दूत खान आलम याला तंबाखूवाचून क्षणभर राहवत नसे. दोन्ही बंद्या टिकल्या नाहीत. त्याच शतकातल्या चित्रांत सरदाराच्या पुढ्यात हुक्का आणि मागे उभा हुक्काबरदार, म्हणजे हुक्का सांभाळणारा नोकर, हे दृश्य नेहमीचं होऊन बसलं.

भांडं काचेचं असेल तर ते दुसऱ्या देशातून आलेलं असण्याचा विचार करा. मोगल काळात आपल्याकडेही सोनेरी फुलांची काचेची गोल भांडी होत होती, पण इराण आणि तुर्कस्तान यांच्यासाठी बोहेमियातले, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातले, काचकारखाने खास माल बनवत, आणि इस्तंबूलजवळच्या बेयकोझचं स्वतःचं काचकाम होतं. तुर्की नरगिलेची, म्हणजे तिथल्या हुक्क्याची, मातीची चिलीम इस्तंबूलच्या तोपहाने भागात बनलेली असू शकते. लाल, चकचकीत, ठसे मारलेली. इराणी हुक्का म्हणजे कल्यान. त्याची नळी लाकडी, खरादावर कातलेली, आणि काजार घराण्याच्या काळातल्या चिलमींवर मीनाकामात माणसांचे चेहरे आणि फुलं. हातात मावेल असा धातूचा, तंबाखूची डबी आणि कोरण्या एकाच साच्यात बसवलेला छोटा हुक्का असेल तर तो चीनचा. बांबूचं जाड कांडं आणि खाली छोटीशी वाटी असेल तर व्हिएतनामचा. तिथे थुओक लाओ नावाची तिखट तंबाखू ओढतात.

काजार कल्यान हाती आला तर त्यामागची एक घटना माहीत असू द्या. १८९० मध्ये नासिरुद्दीन शहानं इराणच्या तंबाखूचा पन्नास वर्षांचा मक्ता टॅलबट नावाच्या इंग्रज मेजराला दिला. शेतकरी, व्यापारी, मौलवी सगळे खवळले. डिसेंबर १८९१ मध्ये शिया धर्मगुरू मिर्झा हसन शिराझी यांच्या नावानं तंबाखू निषिद्ध ठरवणारा फतवा आला, आणि लोकांनी कल्यान ठेवून दिले, अगदी शहाच्या जनानखान्यातही. जानेवारी १८९२ मध्ये मक्ता रद्द झाला. त्या काळातला कल्यान पाहताना मला त्याच्या मीनाकामाआधी हे आठवतं.

आता मुहनाल आणि सटक. धातूची, अकीकाची, काचेची, हस्तिदंती, कशाचीही मुहनाल असो, ती सुटी निघते का पाहा. निघत असेल तर त्यामागे रीत आहे. हुक्का एक आणि ओढणारे अनेक, तेव्हा प्रत्येकाची मुहनाल वेगळी. १८ व्या शतकाच्या शेवटी कलकत्त्यात ग्रांप्रे नावाच्या फ्रेंच प्रवाशानं नोंदवलंय की तिथल्या युरोपीय बायकाही हुक्का ओढत, आणि एखादीनं पुरुषाचा हुक्का मागणं हा त्याचा मोठा मान समजला जाई. अशा वेळी त्यानं आपली मुहनाल काढून नवी बसवून द्यायची. त्याच कलकत्त्यात १७७९ साली गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याच्या पत्नीनं गाण्याच्या मैफलीचं आमंत्रण धाडलं. त्यात पाहुण्याला विनंती होती की हुक्काबरदाराखेरीज दुसरा नोकर आणू नये.

पण हुक्क्याच्या रिवाजांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती गुळगुळीत करून सांगू नये. उत्तरेतल्या गावांत एका हुक्क्याभोवती बसणं म्हणजे एका बिरादरीचं असणं. जातीबाहेरच्याला तो हुक्का मिळत नसे, आणि पंचायतीनं ज्याचं हुक्कापाणी बंद केलं त्याला गावात जगणं अशक्य होई. तुमच्या हातातला साधा नारळाच्या करवंटीचा हुक्का कदाचित याच व्यवस्थेतून आलेला असेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: तो कोण ओढत असे, कोणाला देत नसत, बायका ओढत का, पाहुण्यांसाठी वेगळा होता का. ही उत्तरं भांड्यावर कुठेच सापडत नाहीत, आणि सांगणारी माणसं फार दिवस नसतात. गुडाखू घरी करत असतील तर तेही विचारून घ्या. तंबाखूत काकवी किंवा गूळ घालून ती मळायच्या तऱ्हा घराघरांत वेगळ्या होत्या.

एवढं झालं की मग स्वच्छता. उघड्या खिडकीजवळ बसा, हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा. जुन्या नळीतला काळा चिकट थर म्हणजे तंबाखूचा अर्क. निकोटीन कातडीतूनही शरीरात जातं. तो थर खरवडू नका. त्यात काय ओढलं गेलं हे प्रयोगशाळेत तपासता येतं, एकदा काढला की नाही. मऊ केसांच्या कोरड्या ब्रशनं बाहेरची धूळ झटका, नक्षीच्या दिशेनं. बिदरीवर मऊ सुती कापड, आणि फार रुक्ष दिसत असेल तर कापडाला तेलाचा नुसता स्पर्श, मग कोरड्या कापडानं पूर्ण पुसून घ्या. चांदी काळवंडलेली असली तरी तिला चांदीचं पॉलिश लावू नका, ते शेजारच्या काळ्यावर जातं. बिदरीवर पांढरी भुकटी दिसली तर दमट जागेत जस्त गंजतंय. जागा बदला, आणि भुकटी वाढत असेल तर जतनाचं काम करणाऱ्याला दाखवा.

पितळ-तांब्याच्या भांड्याचा तपकिरी रंग राहू द्या. हिरवे ठिपके दिसले तर लाकडी काडीनं, हलक्या हातानं. आतली कल्हई उडाली असेल तर नव्यानं करून घेऊ नका, कारण त्यात पाणी भरायचंच नाहीये. काचेवर सोनेरी काम असेल तर पाणी टाळा. सटक कधीही धुवू नका: आत तारेचं वेटोळं, त्यावर कापड, काही वेळा भूर्जाची साल असते, आणि पाणी लागलं की तार गंजते आणि साल सुटते. ती सरळ ताणू नका, मोठ्या सैल वेटोळ्यात ठेवा. करवंटीला तेल लावायची पद्धत आहे; जुन्या करवंटीला मी लावत नाही, धूळ चिकटते आणि तडा असेल तर त्यात तेल शिरतं.

ठेवताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका आणि लोकरी कापडातही नको; लोकरीतल्या गंधकानं चांदी काळी पडते. धुतलेलं, बिनरंगी सुती कापड उत्तम. नव्या लाकडाच्या बंद कपाटात आम्लाची वाफ साठते, ती जस्ताला मारक. धातूचं कपाट बरं. भाग सुटे ठेवा, चिलीम भांड्यावर चढवून ठेवली की एका धक्क्यात दोन्ही जातात.

आणि तो पेटवून पाहू नका. जुन्या सांध्यांत शिशाचं डाखकाम असू शकतं, आतला थर तापला की काय बाहेर येईल सांगता येत नाही. नव्या हुक्क्यालाही माझा हाच सल्ला आहे. पाणी धूर थंड करतं, त्यातलं विष काढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या टिपणानुसार तासाभराच्या एका बैठकीत माणूस शंभर किंवा त्याहून जास्त सिगारेटींएवढा धूर आत घेऊ शकतो. शिवाय निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड वेगळा. या वस्तूवर माझं प्रेम आहे, तिच्या धुरावर नाही.

शेवटचं काम कागदावरचं. प्रत्येक भागाचं चारही बाजूंनी आणि तळाकडून छायाचित्र काढा, पट्टी शेजारी ठेवून. उंची, सर्वांत जास्त व्यास, तोंडाचा व्यास, वजन लिहा. भांड्याला किती तोंडं आहेत ते नोंदवा. बिदरीला सहसा एकच असतं, दोन्ही नळ्या त्यातूनच बसवलेल्या. पाण्याची रेघ तळापासून किती उंचीवर आहे, डाखकाम कुठे आहे, झीज कोणत्या बाजूला आहे, तेही लिहा. घरच्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत उतरवा, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घाला. जे तुमचं अनुमान आहे त्याच्यापुढे ‘अनुमान’ असं लिहायला विसरू नका. कागद भांड्याच्या आत घालू नका. तो वेगळ्या पाकिटात, पण त्याच खोक्यात ठेवा.